अखंड वीज आणि परळीची साक्ष



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां इतिहासाचा वाटणार नाहीं. वीज अखंड कशी ठेवावी हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे आणि तो यंत्रज्ञांनींच सोडवावा, असें पुष्कळांना वाटेल. परंतु गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांत वीज कोठें निर्माण झाली, ती कोणकोणत्या प्रसंगीं बंद पडली आणि कां बंद पडली, हें क्रमानें पाहिलें म्हणजे त्यांतून एक बोध हातीं लागतो. त्या बोधाचें सर्वांत स्पष्ट उदाहरण आमच्या बीड जिल्ह्यांत, परळी-वैजनाथ येथें घडलें आहे.

हा प्रश्न आज इतका निकडीचा कां झाला तें प्रथम सांगितलें पाहिजे. पूर्वीं दिवे गेले म्हणजे लोक कंदील लावीत आणि काम पुढें चालू होई. तलाठ्याचें दप्तर कागदाचें होतें, बँकेची खातेवही कागदाची होती. त्यांना विजेची गरज नव्हती. आज सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, रेल्वेचें तिकीट, निवृत्त माणसाचें वेतन, हीं सर्व संगणकांत आहेत. हे संगणक आपल्या गांवीं नसतात. ते दूर कोठें तरी मोठमोठ्या इमारतींत ओळीनें मांडलेले असतात. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आपण त्यांना माहितीचीं कोठारें म्हणूं. महाराष्ट्रांत त्यांची सर्वांत मोठी वस्ती मुंबईंत आणि नव्या मुंबईच्या बाजूस ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या भागांत झाली आहे.

धान्याच्या कोठारांतील दिवा विझला तर धान्य जागच्या जागीं राहतें. माहितीच्या कोठाराची वीज क्षणभर गेली तर हजारों लोकांचे व्यवहार अर्ध्यावर तुटतात. केज किंवा धारूर तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याचा विम्याचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशीं अडला, तर वीज कोणत्या गांवीं गेली हें त्याला ठाऊकहि नसतें. परंतु त्याचें नुकसान खरें असतें. म्हणून विजेची हमी ही आतां केवळ कारखानदारांची बाब राहिलेली नाहीं.

विजेचा एक स्वभाव ध्यानांत घेतल्यावांचून पुढील इतिहास नीट समजणार नाहीं. वीज ही ज्वारीसारखी पेवांत भरून ठेवतां येत नाहीं. ज्या क्षणीं ती निर्माण होते त्याच क्षणीं ती कोठें तरी वापरली गेली पाहिजे, आणि जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणीं निर्माण झाली पाहिजे. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो. मागणी एकाएकी वाढली किंवा एखादें मोठें केंद्र बंद पडलें, कीं आवर्तनांची ही संख्या घसरूं लागते; आणि ती फार घसरली तर यंत्रें स्वतःचा बचाव करण्यासाठीं आपोआप जाळ्यापासून सुटीं होतात. अशा रीतीनें एका ठिकाणचा बिघाड क्षणार्धांत शेंकडों मैल पसरूं शकतो.

वीज सांठवतां येत नसली तरी तिचें बीज सांठवतां येतें, हें आपल्या प्रांतांत प्रथम मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालें तें खोपोलीस. ही मूळ कल्पना जमशेटजी टाटा यांची. १९०४ मध्यें त्यांचें निधन झालें; पुढें १९१० मध्यें कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्यें खोपोलीचें वीजघर सुरू झालें. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारा पाऊस लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत अडवावयाचा आणि तो वर्षभर सुमारें पांचशें मीटर खालीं सोडून त्याच्या जोरावर यंत्रें फिरवावयाचीं, अशी ती योजना होती. मुंबईच्या गिरण्या ज्येष्ठांत चालत होत्या त्या गेल्या वर्षीच्या श्रावणावर चालत होत्या, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९२२ मध्यें भिवपुरी व १९२७ मध्यें भिरा येथील वीजघरें सुरू झालीं.

परंतु या सांठ्याची किंमत कोणी दिली, हेंहि इतिहासानें नोंदविलें आहे. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीचें धरण बांधावयाचें ठरलें तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ मध्यें त्यांनीं सत्याग्रह केला आणि सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालें, मुंबईस वीज मिळाली, आणि मावळ्यांची भातशेतें पाण्याखालीं गेलीं. शहराच्या अखंड विजेमागें कोणाच्या तरी जमिनीचा किंवा पाण्याचा त्याग उभा असतो, ही गोष्ट पुढें परळीच्या प्रसंगीं पुन्हा आठवावी लागेल.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा कोयनेचा. १९६२ पासून कोयनेची वीज मिळूं लागली आणि राज्याच्या उद्योगांचा फार मोठा भार तिच्यावर पडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या परिसरांत भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण धरण टिकलें. कोयनानगरांत मात्र मोठी प्राणहानि झाली. वीजघर बंद पडलें आणि दूर मुंबईंत कारखाने थांबले. एकाच नदीवर, एकाच डोंगरावर फार मोठा भार टाकला तर तेथील धक्का सर्व राज्याला बसतो, हें त्या पहाटे उघड झालें. त्याच सुमारास राज्यांत निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या प्रकारचीं केंद्रें उभीं राहत होतीं. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र १९६९ मध्यें सुरू झालें, आणि १९७१ मध्यें परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला.

परळी हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून भाविकांना परिचित आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. अशा मागासलेल्या भागांत विजेचें केंद्र उभें राहिलें ही लोकांच्या दृष्टीनें मोठी अभिमानाची गोष्ट होती. प्रारंभीं ३० मेगावॉटचे दोन संच होते. १९८०, १९८५ व १९८७ या सालीं २१० मेगावॉटचा एकेक संच उभा राहिला. पुढें २००७ व २०१० मध्यें २५० मेगावॉटचे दोन संच झाले. पहिले दोन लहान संच निवृत्त झाल्यावरहि केंद्राची शक्ति ११३० मेगावॉट इतकी राहिली. एक संच दुरुस्तीसाठीं थांबला तर चार चालत; दोन थांबले तर तीन चालत. वरवर पाहणाराला वाटावें, कीं येथें हमीला काय उणें आहे?

उणें होतें तें पाण्यांत. औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेनें चाकें फिरवितात. तीच वाफ थंड करून पुन्हा पाणी करावें लागतें. आणि हें थंड करण्याचें काम ज्या उंच मनोऱ्यांत चालतें, तेथें पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन आकाशांत निघून जातो. केंद्रसरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें जुन्या केंद्रांसाठीं पाण्याची जी मर्यादा घालून दिली, ती दर युनिटामागें साडेतीन लिटरांची आहे. या हिशोबानें ११३० मेगावॉटचें केंद्र दिवसभर पूर्ण शक्तीनें चालवावयाचें तर एका दिवसाला नऊ कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल.

हें पाणी परळीस मिळे तें गोदावरीवरील खडका बंधाऱ्यांतून. त्या बंधाऱ्यांत पाणी सोडलें जाई तें माजलगांवच्या धरणांतून किंवा पैठणच्या जायकवाडींतून. माजलगांवचें धरण सिंदफणेवर आहे खरें. परंतु त्यालाहि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा आधार. म्हणजे नांवें तीन, बंधारा, माजलगांव आणि पैठण. पण पर्जन्याचें खोरें एकच. २०१२ सालीं मराठवाड्यांत पाऊस फार कमी झाला. जायकवाडीचा उपयोगी सांठा संपत आला. पिण्याच्या पाण्याला पहिला मान द्यावयाचा हें सरकारचें ठरलेलें धोरण. आणि त्याविषयीं कोणाचें दुमत असण्याचें कारणहि नव्हतें. संच एकामागून एक थांबवावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्यें परळीचें सबंध केंद्र बंद झालें.

येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. केंद्र बंद पडण्याचें कारण यंत्रांतील बिघाड नव्हता. पांच संच होते आणि त्यांतील प्रत्येक संच दुसऱ्यासाठीं राखीव होता, असें कागदावर मांडतां आलें असतें. परंतु विहिरीवर पांच मोटा जुंपल्या म्हणून विहिरीचें पाणी पांचपट होत नाहीं. विहीर आटली कीं पहिली मोट जशी कोरडी येते, तशीच पांचवीहि कोरडी येते. पांच यंत्रें असणें आणि पांच आधार असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राखीव साधन जर मुख्य साधनाच्याच विहिरीवर जगत असेल, तर तें मोजणींत दुसरें असलें तरी संकटाच्या वेळीं दुसरें नसतें. हाच तो बोध, ज्याचा मीं प्रारंभीं उल्लेख केला.

आमच्या भागांतील जुन्या कुणब्याला हा विचार नवा नव्हता. तो खाण्याची ज्वारी पेवांत ठेवी, पण पुढील सालचें बियाणें घरांत निराळें, कणगींत किंवा गाडग्यांत राखी. पेवांत पाणी शिरलें तर खाण्याचें जाईल, पण पेरणीचें जाऊं नये, हा त्यांतील हेतु. दोन सांठे एकाच ठिकाणीं ठेवले तर तो एकच सांठा होय, हें त्याला पुस्तकावांचून समजलें होतें.

२०१३ च्या पावसाळ्यानंतर परळीचे संच पुन्हा चालू झाले. परंतु २०१५ मध्यें पाण्याअभावीं केंद्र पुन्हा थांबवावें लागलें. त्या अवर्षणाची तीव्रता किती होती तें शेजारच्या लातूर शहरावरून कळेल. २०१६ मध्यें त्या शहराला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी पुरवावें लागलें. ज्या भागांत माणसांसाठीं पाण्याची गाडी आणावी लागते, तेथें विजेसाठीं पाणी कोठून मागावें?

असें असतां महाराष्ट्र अंधारांत बुडाला नाहीं, याचें कारण विजेचें जाळें. चंद्रपूर, कोराडी, कोयना आणि इतर राज्यांतील केंद्रें निरनिराळ्या नद्यांवर व निरनिराळ्या इंधनांवर चालतात. एका खोऱ्यांत दुष्काळ पडला तर दुसऱ्या खोऱ्यांतील वीज तारांवरून येते. गांवोगांवच्या एकेकट्या वीजघरांना जोडून जें जाळें गेल्या शतकांत विणलें गेलें, तें विजेच्या हमीसाठीं मानवानें केलेलें सर्वांत मोठें काम आहे.

पण जाळ्यालाहि स्वतःचा दुबळेपणा असतो. ३० जुलै २०१२ रोजीं उत्तर भारताचें जाळें कोसळलें आणि दुसऱ्याच दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तीन जाळीं एकदम कोसळलीं. साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या प्रदेशांत वीज गेली. आगगाड्या थांबल्या, खाणींत मजूर अडकले. पश्चिमेचें जाळें वेळींच सुटें झाल्यामुळें महाराष्ट्र वांचला. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मात्र मुंबईचीच पाळी आली. शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या कळवा-पडघे भागांतील वाहिन्यांपैकीं एक दुरुस्तीसाठीं बंद होती. अशा स्थितींत दुसऱ्या वाहिन्या तुटल्या. अशा प्रसंगीं मुंबईनें बाहेरच्या जाळ्यापासून आपोआप सुटें व्हावें आणि स्वतःच्या केंद्रांवर तग धरावा, अशी योजना फार वर्षांपासून होती. पण त्या सकाळीं ती उपयोगी पडली नाहीं. लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या आणि रुग्णालयांना जनित्रें चालवावीं लागलीं. कांहीं भागांत वीज येण्यास बरेच तास लागले. दोन आधारांपैकीं एक दुरुस्तीसाठीं काढला म्हणजे उरतो तो एकच, ही साधी गोष्ट. परंतु तिची आठवण संकटाच्या दिवशींच होते.

त्याच दिवशीं मुंबईचे शेअरबाजार मात्र चालू राहिले. याचें श्रेय त्यांच्या राखीव व्यवस्थेला आहे. माहितीच्या कोठारांत ही व्यवस्था कशी असते, तें आतां थोडक्यांत सांगतों.

बाहेरील वीज दोन निरनिराळ्या उपकेंद्रांतून, दोन निराळ्या वाटांनीं आणण्याचा प्रयत्न असतो. त्या दोन्ही गेल्या, कीं बॅटऱ्यांची ओळ तत्काळ भार उचलते. या बॅटऱ्या फार वेळ पुरत नाहींत. त्यांचें काम पांच-दहा मिनिटांचें. तेवढ्या अवकाशांत डिझेलचीं जनित्रें आपोआप सुरू होऊन पूर्ण वेगास येतात आणि पुढील भार घेतात. जनित्रांजवळ एक-दोन दिवस पुरेल इतकें इंधन सांठविलेलें असतें. थोडक्यांत, बॅटरी ही उंबरठा आहे आणि जनित्र हें घर.

ही रचना कागदावर निर्दोष दिसते. परंतु प्रत्येक पायरीवर परळीचाच प्रश्न विचारावा लागतो: दोघांची विहीर एकच तर नाहीं ना? दोन वाहिन्या निरनिराळ्या उपकेंद्रांतून निघाल्या, पण रस्त्यांत एकाच चरांत पुरल्या, तर एका कुदळीनें दोन्ही तुटतात. दोन जनित्रें आहेत, पण टांकी एक, तर गाळ दोघांनाहि एकाच वेळीं लागतो. बॅटरीचे घट सांखळीप्रमाणें एकापुढें एक जोडलेले असतात. त्यांतील एक घट मेला तर सबंध ओळ निकामी होते. शिशाच्या बॅटऱ्यांचें आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस जवळजवळ निम्में होतें. म्हणून जेथें वैशाखांत पारा चाळिसांपुढें जातो, अशा मराठवाड्यांत बॅटरीची खोली थंड ठेवणें हें चैनीचें काम नव्हे. आणि खोली थंड ठेवणारें यंत्र जर राखीव विजेवर जोडलेलें नसेल, तर संगणक चालू राहूनहि उष्णतेनें बंद पडतात.

परदेशांतील दोन घटना हेंच सांगतात. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप झाला आणि फुकुशिमाच्या अणुकेंद्रास बाहेरून येणारी वीज तुटली. राखीव जनित्रें ठरल्याप्रमाणें सुरू झालीं. परंतु समुद्राची लाट आली तेव्हां तळघरांत बसविलेलीं जनित्रें आणि त्यांना थंड ठेवणारे समुद्रकांठचे पंप एकदमच निकामी झाले. तेरा जनित्रांपैकीं एकच टिकलें. तें उंच जागीं होतें आणि पाण्यानें नव्हे तर हवेनें थंड होणारें होतें. त्या एका जनित्रानें दोन अणुभट्ट्या वांचविल्या. म्हणजे जें साधन इतरांहून निराळें होतें, तेंच शेवटीं कामास आलें. पुढच्या वर्षीं, ऑक्टोबर २०१२ मध्यें, न्यूयॉर्क शहरांत सँडी वादळाचें पाणी शिरलें. तेथील एका इमारतींत जनित्र सतराव्या मजल्यावर सुरक्षित होतें, पण त्याला इंधन चढविणारे पंप तळघरांत होते. पाण्यानें पंप गेले आणि माणसांनीं डिझेलच्या बादल्या जिन्यावरून वर नेऊन तेथील संगणक चालू ठेवले.

यापुढें एक आक्षेप येईल. इतकी सावधगिरी घ्यावयाची तर खर्चाला अंत राहणार नाहीं, असें कोणी म्हणेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु अनुभव असा, कीं पुष्कळ वेळां नवें यंत्र घेण्यापेक्षां जुन्याची कसोटी घेणें स्वस्त पडतें. जें जनित्र वर्षांतून एकदां, भार न जोडतां, पाहुण्यांना दाखविण्यासाठीं चालवितात, त्याचा भरंवसा नाहीं. त्याला दरमहा खऱ्या भाराखालीं चालविलें पाहिजे. टांकींत पडून राहिलेल्या डिझेलांत पाणी व गाळ जमतो. तें तपासलें पाहिजे. आणि मुख्य वीज हेतुपुरस्सर बंद करून सर्व व्यवस्था एकदां प्रत्यक्ष चालवून पाहिली पाहिजे. शाळेंत ज्या मुलाची कधींच परीक्षा घेतली नाहीं, तो हुशार आहे कीं नाहीं हें गुरुजींना कसें कळणार? राखीव साधनाचें तसेंच आहे.

राहतां राहिली ती न्यायाची गोष्ट. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत राज्यांत विजेचा तुटवडा पडला तेव्हां ग्रामीण भागांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. परळीच्या मनोऱ्यांतून बाहेर पडणारी वाफ ज्या खेड्यांतून दिसे, त्या खेड्यांतहि रात्रीं अंधार असे. त्यांचें पाणी वीज होऊन दूर जाई, आणि ती वीज परत त्यांच्या घरीं येईलच असें नव्हतें. मुळशीच्या मावळ्यांनीं जमीन दिली, परळीच्या परिसरानें पाणी दिलें. आज परळीचे जुने संच निवृत्त झाले आहेत. २०१६ मध्यें आणखी एक संच उभा राहून २५० मेगावॉटचे तीन संच राहिले आहेत. त्यांची तहानहि गोदावरीच्याच खोऱ्यांत भागवावी लागते. राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावरच होत असल्यामुळें, ऐरोलीच्या माहितीच्या कोठाराला लागणाऱ्या विजेचें नातें शेवटीं अशाच एखाद्या बंधाऱ्यापर्यंत पोंचतें.

म्हणून अखंड विजेचा विचार करणारानें केवळ यंत्रांची मोजणी करून स्वस्थ बसूं नये. यंत्राच्या मागें इंधन, इंधनाच्या मागें रस्ता, वाफेच्या मागें पाणी आणि पाण्याच्या मागें पाऊस, अशी ही सांखळी शेवटपर्यंत तपासावी. जेथें दोन सांखळ्या एकाच खुंटीला अडकविलेल्या दिसतील, तेथें त्या सोडवून निराळ्या करणें हेंच खरें काम. परळीनें हा धडा स्वतःचे संच थांबवून दिला आहे. तो पुन्हा विकत घेण्याची पाळी आपणांवर येऊं नये, इतकीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.